कोडोलीची फियाट

आमच्या घरी सून कधी आली नाही. एकच मुलगी, ती पुण्याला. तरी आमच्या दारात भाकरतुकडा पुष्कळदा ओवाळला गेला, आणि दर वेळी तो एखाद्या मोडक्या गाडीवरून. कुणाच्या परड्यात, कुणाच्या गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं सडत पडलेली गाडी माझा नवरा उन्मेष टेम्पोत घालून आणायचा. टेम्पो फाटकाशी थांबला की मी भाकरीचा तुकडा गाडीवरून उतरवून टाकायचा आणि माझी जाऊ भैरवी हिनं तांब्यातलं पाणी चाकांवर ओतायचं. त्याशिवाय गाडी शेडमध्ये जात नसे. ही रीत सासूबाईंनी चेष्टेत सुरू केली. दुसऱ्याच्या घरातनं आणतोयस तर तशीच आत घेऊ नकोस, म्हणाल्या. पण आमच्या कोल्हापुरात चेष्टेची रीत व्हायला वेळ लागत नाही. पुढं उन्मेषनंच तिचा नियम करून टाकला. इरावतीनं भाकरतुकडा ओवाळला तर गाडी घरची, नाहीतर आल्या पावली परत. म्हणजे नवी गाडी घ्यायची की नाही हे ठरवायचा हक्क माझा, आणि तो मी नकारासाठी कधीच वापरला नव्हता.

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. मी शिकवायची त्या शाळेतली पोरं मला लवंगी म्हणायची, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. उन्मेष माझ्या कॉलेजातला, त्यामुळं लग्नानंतरही 'अरे उन्मेष' सुटलं नाही. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. उद्यमनगरात पंपाच्या कारखान्यात त्यानं नोकरी केली, निवृत्त झाला, आणि कसबा बावड्यातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं स्वतःचा संसार मांडला. जुनी गाडी आणायची, नट न् नट सुटा करायचा आणि पुन्हा बांधायची. एकेका गाडीला दोन-तीन वर्षं जायची. त्याचा धाकटा भाऊ गुरुप्रसाद, म्हणजे भैरवीचा नवरा, कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याला पाना कुठल्या बाजूनं धरायचा हे कळत नसे, पण गाडी तयार झाली की चालवायला तोच पुढं. दोघा भावांची घरं शेजारीशेजारी आहेत. मधल्या कुंपणाला फाटक आहे, त्याची कडी कधी कुणी लावली नाही.

गाडीची बाकीची कामं उन्मेष कुणाकुणाकडून करून घ्यायचा, पण चाकं बंद करायचं काम मात्र स्वतःचं. चाकाच्या मोठ्या नटातून आडवी एक पिन घालतात. दोन पायांची असते ती, अंबाड्यात खोचायच्या आकड्यासारखी. ती घालून तिचे पाय वाकवले की नट फिरत नाही, आणि नट फिरला नाही की चाक जागेवर राहतं. एवढीशी वस्तू, पण आत बसलेल्यांचा जीव तिच्यावर. चाकं बंद करायच्या दिवशी उन्मेष सकाळीच एक धुतलेलं फडकं अंथरून नव्या पिना त्यावर ओळीनं मांडायचा. फडकं रिकामं झालं की गाडी झाली. डोक्यावर विश्वास ठेवू नये, फडक्यावर ठेवावा, असं तो म्हणायचा. एकदा भैरवीनं गंमत म्हणून आपल्या अंबाड्यातला आकडा काढून त्या ओळीत ठेवला. यानं तो लांबूनच ओळखला आणि काही न बोलता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवला. त्याचं लक्ष तेव्हा असं होतं.

त्यानं शेवटची बांधली ती हेरॉल्ड, फिकट निळ्या रंगाची. गाडी तयार झाली की पहिल्यांदा ती जोतिबाला न्यायची, गुलाल लावून आणायची, मग बाकीची हिंडफीर. आम्ही चौघं मिळून जायचो. त्या रविवारी मला ताप होता म्हणून उन्मेष माझ्याजवळ थांबला आणि गुरू आणि भैरवी दोघंच गेले. दर्शन छान झाल्याचा भैरवीचा फोनही आला. डोंगर उतरताना तिच्या बाजूचं पुढचं चाक निखळलं आणि गाडी वळणावरून खाली एका झाडावर गेली. गुरूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भैरवी जागच्या जागी गेली. दवाखान्यात मी तिला पाहिलं तेव्हा केसांपासून गळ्यापर्यंत ती माखलेली होती, आणि त्यात रक्त किती आणि गुलाल किती हे मला कळलं नाही.

बाराव्याला माणसं बसवायची म्हणून मी शेड आवरायला घेतली. बाकड्यावर ते फडकं घडी न करता तसंच पडलं होतं. मी उचलून झटकलं, आणि त्यातून एक पिन फरशीवर पडली. नवी कोरी, पाय सरळ.

मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. मग ती उचलून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गुरूच्या हातावर ठेवली. गाड्यांतलं त्याला काही कळत नाही, पण हे फडक्याचं घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यानं ती पिन बराच वेळ बोटांत फिरवली आणि मला परत दिली.

"वहिनी, दादाला हे कळता कामा नये," तो म्हणाला. "बायको गेली माझी. भाऊ तरी राहू दे."

गावानं खड्ड्याला धरलं. त्या उतारावर खड्डा होताच. आपल्याकडं खड्डा शोधावा लागत नाही. येणारा-जाणारा रस्त्याला शिव्या घालायचा, आणि सगळ्यांत जास्त शिव्या उन्मेष घालायचा. मी चहा देत, ऐकत उभी राहायची. भैरवी माझी जाऊ होती, पण त्याहून जास्त मैत्रीण होती. सकाळचा पहिला चहा आम्ही दोघी मधल्या फाटकाशी उभ्यानं प्यायचो. ती ज्याच्या हातानं गेली तो माझ्यासमोर बसून आमटीत मीठ कमी आहे म्हणायचा. त्याच्याकडं बघून माझ्या मनात काय काय यायचं ते सांगायची सोय नाही. रागावणार कशी? त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढं कळलं की ते त्याच्याही हातात नव्हतं. दूध आणायला म्हणून गेलेला उन्मेष लाइन बझारात पिशवी घेऊन नुसता उभा होता, घर कुठल्या बाजूला हे त्याला आठवेना. ओळखीच्या दुकानदारानं आणून सोडलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, आधीपासून हळूहळू आला असणार, आणि तो वाढतच जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल, मागं मात्र फिरणार नाही. जुनं सगळं शाबूत राहील, आत्ताचं जाईल. हातांना सवयीचं काम द्या, असंही ते म्हणाले. मग तर माझी आणखीच कोंडी झाली. आजारी माणसावर राग काढता येत नाही, आणि तो आपोआप जातही नाही.

शेडला कुलूप लागलं. उन्मेष व्हरांड्यात बसून पेपर वाचायचा, तोच पेपर पुन्हा वाचायचा. त्याचे हात मांडीवर पडलेले असायचे आणि बोटं आपोआप हलायची, अदृश्य नट फिरवल्यागत. दिवाळीनंतर कोडोलीहून आण्णांचा फोन आला तेव्हा तो असा बसला होता.

आण्णा कोडोलीचे जुने बागायतदार. त्यांच्या विहिरीवरचा पंप कधीकाळी उन्मेषनं स्वतः उभा राहून बसवून दिला होता, तेव्हापासूनचा घरोबा. त्यांच्या परड्यात वडिलांच्या वेळची एक फियाट पडून होती, पुढची दारं उलटी उघडणारी, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. न्यायची असेल तर न्या, म्हणाले, हितं नुसत्या कोंबड्या अंडी घालाय लागल्यात. उन्मेषनं फोन ठेवला आणि तो उभा राहिला. किती दिवसांनी त्याचा चेहरा मी असा पाहिला. पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेवर त्यानं त्या गाडीच्या पुढच्या चाकाची सगळी जोडणी काढून दाखवली, एक रेघ न खोडता. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

आमची मुलगी प्रियदर्शनी फोनवर म्हणाली, आई, आणू दे त्याला, त्या शेडमध्ये तो बाबा असतो, व्हरांड्यात नसतो. तिचं खोटं नव्हतं, पण तिला पिनेचं ठाऊक नव्हतं. मी फाटकातून गुरूकडं गेले. तो नकली पाय काढून खाटेवर बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं. अजून एक गाडी आणायची म्हणतोय, काय करू विचारलं. त्यानं बाजूला ठेवलेला पाय जवळ ओढला. मग म्हणाला, आणू दे. सुटी करू दे, पुसू दे, रंगवू दे, फक्त बंद करायची वेळ आली की दुसरा माणूस बोलवू. मी म्हटलं, आणि तो विचारेल चाकं माझी मला का देत नाही, तर? गुरू म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. त्याच्यासारख्या माणसाला भावासाठी एवढं मन मोठं करता येतं आणि मला नवऱ्यासाठी येत नाही, याची मला लाज वाटली, आणि रागही आला.

तेवढ्या बोलीवर मी कोडोलीला निघाले. नुसती गाडी बघायची, अजून काही ठरलेलं नाही, असं मी उन्मेषला बजावलं होतं. तो हो हो म्हणाला. मी माझी गाडी वाठारवरून घेतली. जोतिबाची वाट मी टाळते. तरी कोडोलीत शिरताना डोंगर दिसतोच. उन्मेषनं खिडकीतून हात जोडले.

आण्णांच्या वस्तीवर आमची वाटच बघत होते. आण्णा, त्यांची बायको बयाबाई आणि नातू विश्वजित. अंगणात एक टेम्पोही उभा होता. म्हणजे उन्मेषनं फोनवर होकार देऊन टाकला होता आणि मला सांगायचं विसरला होता. आण्णा मला म्हणाले, "या पावणं. तुमच्याच हातची वाट बगाय लागलीया गाडी. भाकरतुकडा तुम्ही ववाळता म्हणं." बयाबाईंनी चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून तयार ठेवली होती. हाच तुकडा तुमच्या दारात ओवाळा, म्हणाल्या, आमच्याकडनं रिकामी कशी लावायची.

उन्मेष मात्र सरळ गाडीकडं गेला. कोंबड्या हुसकल्या, उलटं दार उघडून आत वाकला, तळाचा पत्रा नखानं टोकरून पाहिला. विश्वजितला तो एकेक गोष्ट दाखवत होता, कुठं गंज वरवरचा आहे, कुठं आतून खाल्लंय. त्याचा आवाज जुना होता, कारखान्यातला. मला वाटलं, प्रियदर्शनी म्हणते ते खरं आहे. गुरू म्हणतो तसं करू. हात चालतायत तोवर चालू देत. मी खरोखर मन घट्ट करून 'हो' म्हणायच्या टोकाला आले होते.

मग त्यानं पुढच्या चाकाखाली जॅक लावला. बेअरिंग बघायचं होतं. चाकावरचं टोपण काढलं, पकडीनं जुनी पिन सरळ करून ओढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नट सैल केला, चाक दोन्ही हातांनी हलवून कान लावून ऐकलं, बेअरिंग अजून चांगलं आहे असं विश्वजितला सांगितलं. नट पुन्हा आवळला. एवढ्यात बयाबाई चहा घेऊन आल्या. त्यानं हात पुसले, कप घेतला, दोन घोट पिऊन बाजूला ठेवला, टोपण तळहातानं ठोकून बसवलं आणि जॅक खाली सोडला. 

"झालं," तो म्हणाला.

मी त्याच्या खिशाकडं बघत होते. मला जे कधी कळणार नाही असं वाटत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्या दिवशी शेडमध्ये असंच झालं असणार. कुणीतरी चहा आणला असणार. आमच्या घरी त्याला चहा मीच नेते.

आण्णा गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे होते. विश्वजितचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तोवर गाडी होईल का, असं त्यांनी विचारलं. "जोडी ह्याच गाडीतनं जोतिबाला न्यायची हाय. तुमी बांधलेली म्हंजे बघाय नगो."

"होईल की," उन्मेष म्हणाला. ज्या कामाला दोन-तीन वर्षं लागतात ते तो वैशाखापर्यंत देतो म्हणत होता. विश्वजित लाजून हसला. टेम्पोवाल्यानं फळ्या लावायला घेतल्या.

मी म्हटलं, "उन्मेष, पिन."

"घातली."

"खिशात बघ."

त्यानं खिसा चाचपला, पिन बाहेर काढली, तिच्याकडं पाहिलं आणि हसला. "राहिली बघ," म्हणाला. वयाचं निमित्त करून माणसं हसतात तसं, सहज. आण्णाही हसले. त्यानं ती लगेच घातली असती, मी गप्प बसले असते, घरी जाऊन काहीतरी निमित्त काढून गाडी परत पाठवली असती. मला तसं करता आलं असतं हे मी नाकारत नाही. पण त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातली पिन काढली आणि फियाटच्या बॉनेटवर ठेवली.

"ही पण राहिली होती," मी म्हटलं. "हेरॉल्डची. तुझ्या फडक्यात सापडली. भैरवीच्या बाजूच्या चाकाची."

तो त्या पिनेकडं बघत राहिला. नवी होती, पाय सरळ होते. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. ज्याला आजचा वार आठवत नव्हता त्याला ते फडकं, तो बाकडा, ती ओळ, सगळं तिथं दिसत असावं. चेहऱ्यावरचा रंग गेला. मला वाटलं होतं, हे एकदा बोलले की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. खरं सांगायचं तर उतरला. घटकाभर फार बरं वाटलं. मग त्याचा चेहरा बघवेना.

उन्मेष खाली बसला, टोपण काढलं आणि आण्णांच्या गाडीची जुनी पिन तिच्या जागी घातली. पकडीनं तिचे दोन्ही पाय नीट वाकवले, एक वर, एक खाली. टोपण बसवून तो उठला.

"गुरूला ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. दवाखान्यात होता तेव्हापासून."

आण्णांनी टेम्पोवाल्याला फळ्या काढायची खूण केली. नातवाच्या पाठीवर त्यांचा हात गेला होता आणि तो तिथंच राहिला. "बाई, बोललासा ते बरं झालं," ते मला म्हणाले. मग उन्मेषकडं वळले. "सायेब, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. तुमचं-आमचं काय तुटलं न्हाय." बयाबाईंनी भाकरी तरीही माझ्या हातात दिली. घरातनं बाहेर काढलेली भाकरी परत चुलीकडं न्यायची नसते, म्हणाल्या.

घरी पोचल्यावर उन्मेष थेट मधल्या फाटकातून गुरूच्या घरात गेला. मी मागून गेले. गुरू खुर्चीत बसला होता. उन्मेष, थोरला भाऊ, त्याच्यासमोर खाली बसला आणि त्यानं गुरूच्या पायावर डोकं ठेवलं. नकली पायावर. कोणता खरा, कोणता खोटा हे बघायच्या स्थितीत तो नव्हता. गुरू त्याच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत होता.

"वहिनी, काय मिळालं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, वैशाखात त्या पोराची बायको त्या बाजूला बसली असती. ते खरंच होतं. पण त्यानं विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी भाकरी त्याच्या टेबलावर ठेवून घरी आले. आमच्याकडं संध्याकाळी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष उठला, तोंड धुतलं, चहाला बसला. जरा अस्वस्थ होता. काही वाईट झालंय का गं, म्हणाला, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय. मी काही बोलायच्या आत त्यानं पेपर ओढला, कडेला चाकाचं चित्र काढायला घेतलं आणि विचारलं, "इरा, कोडोलीला कधी जायचं?"

मला आधी वाटलं, तो नाटक करतोय. त्याच्या डोळ्यांत बघितल्यावर कळलं की कोडोली गेली, पिन गेली, गुरूच्या पायावर डोकं ठेवलेलं गेलं, सगळं रात्रीत पुसलं गेलं होतं. राहिलं होतं ते नुसतं ओझं, आणि ते कशाचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला पुन्हा सांगितलं. पिन हातावर ठेवून सांगितलं. पुन्हा त्याचा चेहरा तसाच झाला, पुन्हा तो फाटकातून गेला, पुन्हा गुरूच्या पायाशी बसला. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेपर पुढं ओढला.

तो थंडीचा सगळा मोसम आमच्या घरी असा गेला. रोज नाही, पण दोन-चार दिवसांनी त्याला कोडोलीची गाडी आठवायची, आणि मला ठरवावं लागायचं. जो निर्णय मी भर अंगणात चारचौघांत घेतला तो आमच्या घरात टिकेना. सांगितलं नाही तर तो आण्णांना फोन लावायचा, शेडचं कुलूप उघडायला किल्ली मागायचा. सांगितलं तर त्याच्या हातून भैरवी पुन्हा मरायची. आधी आधी मी सांगायची, आणि त्यात थोडा राग असायचा हे कबूल केलं पाहिजे. पण एकच राग किती वेळा काढणार. भैरवी गेली त्या दिवसाचा माझा राग शिमग्यापर्यंत संपला. त्याच्या जागी काहीच आलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. एकदा तो गुरूच्या पायाशी बसलेला असताना गुरूच म्हणाला, "आता पुरे, वहिनी." तेव्हापासून मी सांगायचं सोडलं. पिन विहिरीत टाकून दिली. आण्णांना फोन करून सांगितलं की उन्मेषचा फोन आला तर हो म्हणा. आण्णा म्हणाले, "म्हणतो की. रोज म्हणतो."

परवा दुपारी आम्ही तिघं व्हरांड्यात होतो. गुरू आताशा दुपारी आमच्याकडंच असतो. उन्मेषनं हात धुऊन आल्यासारखे शर्टाला पुसले आणि माझ्याकडं बघितलं. 

"इरा, ती कोडोलीची फियाट. आणूया का गं?" त्यानं विचारलं. "तू म्हणशील तसं. हक्क तुझा."

"आणूया," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. उद्या सकाळीच टेम्पो सांगतो म्हणाला, शेड झाडून ठेवायला हवी, पुढच्या चाकांचं बेअरिंग बघायला हवं. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो गुरूकडं वळला.

"गुरू, भैरवीला सांग. उद्या लवकर आवर म्हणावं. भाकरी इरा करेल, पाण्याचा तांब्या तिच्याकडं असतो."

आजवर तो पिन विसरला होता, कोडोली विसरला होता. भैरवी गेलेली कधी विसरला नव्हता. मी गुरूकडं बघितलं. गुरूचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्या हाताच्या शिरा मला दिसल्या. आता त्यानं खरं सांगितलं असतं तरी मी त्याला काही म्हटलं नसतं. तो मधल्या फाटकाकडं बघत होता. फाटक उघडंच होतं.

"सांगतो, दादा," गुरू म्हणाला.

उन्मेषनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि मी त्याला शेडची किल्ली दिली.